तीन रात्रींची सहल

सकाळी साडेनऊला एल्व्हा सामान गाडीत भरूनच आली आणि पायरीवरच थबकली. नोलीनची किटली अजून शेगडीवर होती. बाहेर दोरीवर कपडे वाळत होते. ऐन हिवाळ्यातल्या, जूनमधल्या या शनिवारी दोरीवर कपडे म्हणजे काहीतरी बिनसलेलं होतं. एकोणीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

“बरं नाही का तुला?”

“ठणठणीत आहे.”

“मग आवर की. अकराला गाड्या रांगेत लागायच्या.”

“मी येणार नाही, एल्व्हा. या वर्षी मी गेटाबाहेर पाऊल टाकणार नाही.”

एल्व्हानं हातातली पिशवी हळूच खाली ठेवली. पिशवीत मर्व्हची गाण्यांची वही होती आणि धुरानं काळाकुट्ट झालेला त्याचा पत्र्याचा डबा होता, शेकोटीवर चहा उकळायचा. मर्व्ह तिचा भाऊ आणि नोलीनचा नवरा. तो जाऊन चार वर्षं झाली होती, पण सहलीचा सगळा सरंजाम अजून एल्व्हाच सांभाळायची, एखाद्या देवघरासारखा.

“थंडी आहे म्हणून म्हणत असशील तर माझ्याकडे जादा रग आहे,” ती म्हणाली. नोलीननं मान हलवली तेव्हा ती खुर्चीत बसली, पण अंगातला कोट काही तिनं काढला नाही.

कोरेला बेंडच्या अकरा घरांना हा जूनचा शनिवार म्हणजे सण होता. मरे नदीच्या वळणावर निलगिरीच्या झाडांखाली कॅराव्हॅनची, म्हणजे चाकांवरच्या घरांची ती वस्ती. घरं ज्याची त्याची, जागा मालकाची, जागेचं भाडं दर पंधरवड्याला. जुना मालक अल्बी याच्याकडे परवाना होता तो फक्त सुट्टीवर येणाऱ्यांना जागा देण्याचा. पण माणसं तर कायमची राहत होती, तीही सगळी साठीच्या पुढची. मग अल्बीनं तोडगा काढला. वर्षातून एकदा सगळ्यांनी तीन रात्री बाहेर जायचं, नोंदवहीत ‘बाहेर’ आणि ‘परत’ लिहायचं, आणि कायमचा पत्ता म्हणून मुलाबाळांपैकी कुणाचा तरी टाकायचा. म्हणजे कागदावर सगळे पाहुणे. नगर परिषदेलाही हे ठाऊक होतं, पण तिथलं कुणी काही बोलत नसे.

या तोडग्याची सहल केली ती मर्व्हनं. पुलापलीकडच्या प्रदर्शनाच्या मैदानावर तंबू, शेकोटी, निखाऱ्यात भाजलेली पोळी, भोपळ्याचं सूप आणि बेसूर गाणी. मंगळवारी सगळे परत येत, तेव्हा गेटातून आत शिरताना मर्व्ह हॉर्न वाजवायचा, वरात आल्यासारखा.

मार्चमध्ये अल्बीनं वस्तीची सगळी जागा विकली. नव्या कंपनीनं डीन नावाचा मॅनेजर पाठवला, नदीकाठच्या जागांवर मोजणीच्या रंगीत खुंट्या ठोकल्या, आणि सहलीआधी आठ दिवस प्रत्येक दारात नव्या नोंदवहीचा एकेक छापील नमुना सरकवला. नोलीननं तो वाचला. मग चष्मा पुसून पुन्हा वाचला.

शाळेसमोरच्या रस्त्यावर ‘थांबा’ची पाटी हातात धरून मुलांना पलीकडे नेण्याचं काम तिनं बावीस वर्षं केलं होतं. मुलांना ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवायची. पुढचा निघाला म्हणून आपण पाऊल टाकायचं नाही. आपण थांबायचं, आपण बघायचं, आपण ऐकायचं, मगच निघायचं. काही मुलांना ते पहिल्या दिवशी कळे, काहींना वर्ष लागे. तिला घाई नसे. सत्त्याहत्तराव्या वर्षी ते स्वतःवर लागू करायची वेळ येईल असं मात्र तिला वाटलं नव्हतं.

“हे वाच,” तिनं कागद एल्व्हापुढे सरकवला.

“वाचलाय मी. नेहमीचंच आहे.”

“शेवटची ओळ वाचलीस?”

एल्व्हानं चष्म्यासाठी खिसे चाचपले, सापडला नाही असं दाखवलं. तेव्हा नोलीननंच वाचून दाखवलं. ‘मी माझी जागा रिकामी करून ताब्यात देत आहे. परत प्रवेश देणे किंवा न देणे हे व्यवस्थापनाच्या मर्जीवर राहील.’

“हे असलं ते लिहितातच,” एल्व्हा म्हणाली. “कंपन्यांना लिहायला माणसं ठेवलेली असतात. ती माणसं काय करणार दुसरं?”

नोलीन हसली, पण उठून तिनं कपाटातून दुसरा कागद काढला. त्याच सुमारास बाहेर गाडीचं दार वाजलं. नोलीनचा मुलगा रसेल आला होता.

*

रसेल दरवर्षी बेंडिगो शहरातून यायचा, आईला आपल्या गाडीतून मैदानावर न्यायचा आणि पहिली रात्र तिथं राहायचा. या खेपेला त्याची बायको कार्मेलही बरोबर होती. रसेलच्या चेहऱ्यावर काहीतरी चांगलं सांगायचं असल्याची घाई होती. लहानपणी शाळेतून चित्र आणायचा तेव्हा असाच दिसायचा, नोलीनला वाटलं. चौपन्न वर्षांचा झाला तरी कपाळावरची ती आठी तशीच.

त्यानं फोनवर फोटो दाखवला. मागची खोली. भिंतींना पिवळा रंग, नवीन पलंग, खिडकीबाहेर लिंबाचं झाड.

“तीन रात्री मैदानावर काढ, आई. मंगळवारी इकडे परत यायचं नाही. सरळ आमच्याकडे. रंग मी स्वतः दिलाय, तीन हात.”

खोली सुंदर होती, आणि नोलीननं तसं म्हटलंही. मग तिनं सगळ्यांना चहा दिला, करी घातलेल्या अंड्याची सँडविचेस पुढे केली, आणि बुधवारी काय झालं ते पहिल्यापासून सांगितलं, एकेक पायरी, कुणी मधेच मागे राहू नये अशा बेतानं.

गावच्या वाचनालयात भाडेकरू मदत केंद्राची एक वकीलबाई पंधरा दिवसांतून एकदा बसते. नोलीन कागद घेऊन तिच्याकडे गेली. बाईनं विचारलं, तुम्ही झोपता कुठे? पत्रं कुठे येतात? डॉक्टर कुठला? मतदार यादीत नाव कुठलं? सगळ्याचं उत्तर एकच होतं, कोरेला बेंड, जागा क्रमांक चौदा. तेव्हा बाई म्हणाली की मग तुम्ही पाहुण्या नाही, रहिवासी आहात, नोंदवहीत काही का लिहिलेलं असेना. रहिवाशाला मॅनेजर गेटावरून परत पाठवू शकत नाही. त्याला रीतसर नोटीस द्यावी लागते, आणि तरीही माणूस हलला नाही तर न्यायाधिकरणाकडे जावं लागतं, तिथं दोन्ही बाजू ऐकतात. मात्र या कागदावर सही केली आणि स्वतःच्या पायांनी बाहेर पडलात, तर पुढचं भांडण गेटाबाहेर उभं राहून भांडावं लागेल.

“म्हणून मी बाहेर पडत नाही,” नोलीन म्हणाली. “एवढंच.”

“आणि डीन काय म्हणतो?” कार्मेलनं विचारलं.

नोलीननं जात नाही असं कळवल्यावर डीननं गुरुवारी पत्र दिलं होतं, कपाटातून काढलेला तोच कागद. तुमचा कायमचा पत्ता बेंडिगोचा आहे, एकोणीस वर्षं तुम्ही स्वतःच्या अक्षरात तो लिहिलाय, तेव्हा तुम्ही सुट्टीवर आलेल्या पाहुण्या आहात, आणि शनिवारी बारापर्यंत सही करून निघाला नाहीत तर घुसखोर समजून पोलिसांना बोलावू.

रसेलनं कप खाली ठेवला. “माझा पत्ता?”

“तुझाच. तुझ्या बाबांनीच सुचवला होता. दुसऱ्या कुणाचा लिहिणार?”

“माझ्यापण नावापुढे तोच आहे,” एल्व्हा म्हणाली. तिला मूलबाळ नव्हतं. “भाच्याचा पत्ता. हक्कानं लिहिलाय.”

“म्हणजे कागदोपत्री तुम्ही दोघी एकोणीस वर्षं माझ्या घरी राहताय.”

“आणि घरकामात काडीची मदत करत नाही,” कार्मेल म्हणाली. नोलीन हसली. रसेल हसला नाही.

मग नोलीननं मुख्य गोष्ट सांगितली. डीनचं पत्र आल्यावर वकीलबाईनं फोनवर आणखी एक सांगितलं होतं. ज्याचा पत्ता लिहिलाय त्यानं चार ओळी लिहून द्याव्यात, की ही बाई या पत्त्यावर कधी राहत नव्हती. ते पत्र हातात असलं तर डीनच्या पत्रातली हवा निघेल. पोलीस आलेच तर त्यांनाही तेच दाखवायचं.

“तेवढं लिहून दे, रसेल. बाराच्या आत.”

*

रसेल उठून खिडकीशी गेला. बाहेर काही नव्हतं, नदीवरचं धुकं आणि त्यात चालणारे दोन मॅगपाय पक्षी.

“काय लिहू?” तो म्हणाला. “माझी आई एकोणीस वर्षांत माझ्या घरी कधी राहिली नाही, असं? खाली माझी सही? तो कागद चार लोक वाचणार, आई. म्हातारीला चाकांवरच्या डब्यात ठेवून पोरगा तीन खोल्यांच्या घरात राहिला, असं माझ्याच अक्षरात.”

“खरंच आहे की,” एल्व्हा म्हणाली.

“आत्या, तू मधे पडू नकोस.”

“मी मधेच आहे. माझंही नाव आहे तुझ्या पत्त्यावर.”

“मी खोली तयार केलीय ना आता?”

“आता केलीस.”

हे ‘आता’ एल्व्हानं दाबून उच्चारलं. ज्या गोष्टीबद्दल या कुटुंबात कधी कुणी बोललं नव्हतं ती गोष्ट चहाच्या कपांमधे येऊन बसली. दुष्काळात गाईगुरं आणि शेत विकून मर्व्ह आणि नोलीन निघाले, तेव्हा त्यांनी रसेलला विचारलं होतं की एखादं वर्ष तुझ्याकडे राहिलो तर चालेल का. रसेलनं फोनवर सांगितलं होतं की मुलं लहान आहेत, जागा होणार नाही. मर्व्हनं ‘बरं बरं’ म्हणून फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी ही जुनी कॅराव्हॅन घेतली, दोन महिन्यांसाठी.

नोलीनला आपल्या मुलाची दया आली आणि एल्व्हाचा रागही आला. पण ती काही बोलायच्या आतच कार्मेल बोलली.

“तेव्हा नाही म्हटलं होतं ते मी.”

“कार्मेल,” रसेल म्हणाला.

“राहू दे. तुझ्या अंगावर घेऊन खूप वर्षं झाली.” ती नोलीनकडे वळली. “तो हो म्हणत होता. मी म्हटलं, दोन सासरची माणसं आणि दोन लहान मुलं माझ्याच्यानं होणार नाही. त्यानं फोनवर सांगताना माझं नाव घेतलं नाही. नंतरही कधी घेतलं नाही. मी घेऊ दिलं नाही म्हणा.”

एल्व्हा कार्मेलकडे बघत राहिली. कार्मेलला ती एकोणीस वर्षं ‘बिचारी’ म्हणत आली होती, मुलगा नालायक निघाला पण सून बिचारी चांगली. आता ते सगळं पुन्हा नव्यानं मांडावं लागणार होतं आणि एल्व्हाला असल्या कामाचा कंटाळा होता.

“मला कळलं होतं,” नोलीन म्हणाली.

“कधी?”

“त्याच वेळी. रसेलला खोटं बोलताना दम लागतो. फोनवर सुद्धा कळतं.” तिनं कार्मेलच्या कपात चहा ओतला. “आणि तुला मी दोष दिला नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही नाहीच म्हटलं असतं. मर्व्ह घरात असताना दुसऱ्या कुणाला बोलायला मिळत नसे.”

“तो तसा नव्हता,” एल्व्हा म्हणाली.

“तो तसाच होता, एल्व्हा.”

मग नोलीन रसेलशी बोलली. तिचा आवाज मऊ होता, पण त्यातून सुटायला वाट नव्हती. पूर्वी पहिलीतल्या मुलांशी ती अशीच बोलायची.

“तू नाही म्हटलंस म्हणून मला हे घर मिळालं. तुझ्या बाबांनी हा व्हरांडा बांधला, त्याला सात महिने लागले. खालची चाकं त्यांनीच काढून आडवी ठेवली, त्यांवर आता रात्रभर झाडांवर हिंडणारा पोसम झोपतो. इथल्या प्रत्येक घराची किल्ली माझ्याकडे आहे आणि माझी त्यांच्याकडे. तुझी खोली छान आहे. पण तिथं मी तुझी पाहुणी असेन. इथं मी कुणाची नाही. तुला लाज वाटते की लोक म्हणतील आई डब्यात राहते. मला लाज कधी वाटेल सांगू? माझं घर आहे हे सांगायला मी कचरले, आणि कुणीतरी आलं, कागद पुढे केला, आणि मी सही करून स्वतःच्या घरातून बाहेर गेले, तर.”

“मर्व्हनं सुरू केलेली गोष्ट तू मोडतेस,” एल्व्हा म्हणाली. ती उठली होती. “तो असता तर सगळ्यांच्या पुढे असता. त्यानं एकदा चुकवली नाही सहल. तापातसुद्धा आला होता.”

“तो बाहेर जायचा तो परत येण्यासाठी. या वर्षी परत येणं नाही, मग मी जाऊ कशाला?”

“त्याची वही कोण गाणार?”

“इथं गाऊ. व्हरांड्यात.”

“शेकोटीशिवाय?” एल्व्हानं पिशवी उचलली. “माझी गाडी रांगेत पहिली असते. लोक थांबलेत.” आणि ती गेली. तिची जुनी पांढरी गाडी नेहमीप्रमाणे नाक बाहेर करून उभी होती, कारण एल्व्हाला गाडी मागे घेता येत नसे. पंचेचाळीस वर्षं गाडी चालवून तिनं मागचा गिअर कधी टाकला नव्हता. मर्व्ह होता तोवर तो गाडी वळवून द्यायचा, आणि तो गेल्यापासून ती गाडी अशीच लावायची की मागे घ्यावीच लागू नये. गाडी गचके देत गेटाच्या दिशेनं गेली.

*

अकरा वाजून गेले. बाहेरून गाड्यांचे आवाज, कुत्र्याचं भुंकणं, कुणीतरी कुणाला थर्मास विसरल्याचं ओरडून सांगणं, असं सगळं नेहमीचं चाललं होतं. प्रत्येक आवाजाला नोलीनचे पाय आपोआप उठायला बघत होते. दहा घरं निघाली होती. तिनं कालपासून प्रत्येक दारी जाऊन सांगितलं होतं, फक्त एल्व्हाच्या दारी जायला मन धजलं नव्हतं. सगळ्यांनी ऐकून घेतलं होतं, कुणी बिस्किट दिलं होतं, कुणी म्हणालं होतं की बघू, पण सहल म्हणजे सहल. त्यात कुणाचा दोष नव्हता. एकोणीस वर्षांची सवय पायांत मुरलेली असते.

कार्मेलनं पर्समधून पेन काढलं. “घर दोघांच्या नावावर आहे,” ती म्हणाली. “पत्ता माझाही आहे. मी लिहिते. लोक म्हणतील सासू नको म्हणून सुनेनं लिहून दिलं. म्हणू देत. एकदा ते खरंच होतं.”

तिनं तारीख घातली. रसेल तिच्या हाताकडे बघत होता. मग त्यानं हात पुढे केला.

“आण इकडे. आईनं पत्ता माझ्या नावानं लिहिलाय.”

तो हळू लिहायचा, एकेक अक्षर सुटं. लिहिता लिहिता मोठ्यानं पुटपुटत होता, त्यामुळे वाचून दाखवायची गरजच पडली नाही. माझी आई नोलीन ट्रँटर माझ्या या पत्त्यावर कधीही राहिलेली नाही. ती नाताळात दोन रात्री येते आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच्या घरी जाते. तिचं घर कोरेला बेंड, जागा क्रमांक चौदा, इथं आहे, एकोणीस वर्षं. इथं तो थांबला आणि पेनाचं टोक कागदावर टेकवून राहिला.

“आत्याचंही घालू?”

“घाल,” नोलीन म्हणाली. “ती रागावलीय, मेलेली नाही.”

माझी आत्या एल्व्हा ट्रँटर हिनेही माझा पत्ता दिला आहे. तीही त्या पत्त्यावर कधी राहिलेली नाही. तिचं घर जागा क्रमांक पंधरा. मग त्यानं आणखी एक ओळ घातली, ती मात्र न पुटपुटता. सही केली आणि कागद उलटा करून आईपुढे ठेवला. नोलीननं सुलटा केला. शेवटची ओळ होती, ‘माझ्या घरात तिच्यासाठी एक खोली आहे. ती खोली आहे म्हणून तिचं घर जात नाही.’

तिनं कागदाची घडी घातली. मग त्याच्या पुढ्यात शेवटचं सँडविच सरकवलं.

*

बाराला दहा मिनिटं असताना डीन आला. तिशीतला, नीटनेटका, कंपनीचं जाकीट घातलेला. हातात नोंदवहीचे कागद लावलेली पाटी. तो माणूस वाईट नव्हता, असं नोलीनचं मत होतं. त्याला कुणीतरी यादी दिली होती आणि तो यादीवर खुणा करत होता.

“मिसेस ट्रँटर, तुमची सही हवीय,” तो पायरीखालून म्हणाला. “म्हणजे, सगळ्यांचीच राहिलीय. सगळ्या गाड्या गेटावर अडकल्यात.”

नोलीन व्हरांड्यात आली. रसेल आणि कार्मेल दारात उभे राहिले. रसेल पुढे व्हायला लागला तेव्हा तिनं हात आडवा केला, फूटपाथच्या कडेला करायची तसा, आणि तो थांबला.

“मी जात नाही, डीन. सहीही करत नाही.”

“मग मला कळवावं लागेल. तुम्ही पाहुण्या आहात. पत्ता बेंडिगोचा आहे.”

तिनं कागद पुढे केला. त्यानं उभ्या उभ्या वाचला, मग रसेलकडे बघितलं. रसेलचे कान लाल झाले होते, पण त्यानं नजर हलवली नाही.

“सही माझी आहे,” तो म्हणाला. “लिहिलंय ते खरं आहे.”

“हे कार्यालयाला पाठवावं लागेल,” डीन म्हणाला.

“पाठवा. आमच्याकडे प्रत आहे,” नोलीन म्हणाली. प्रत नव्हती, पण कार्मेलनं तेवढ्यात फोनवर फोटो काढला होता, म्हणजे बोलेपर्यंत ती झाली होती. “मला काढायचं असेल तर नोटीस द्या आणि न्यायाधिकरणात या. मी येईन. चांगले कपडे घालून येईन. तोवर इथंच आहे.”

“पण हे हलतं घर आहे, बाई. कागदावर ती कॅराव्हॅन आहे. चाकं आहेत तिला.”

“आहेत. खाली पडलीत. त्यातल्या एकात पोसमची पिल्लं आहेत. ती उठवायला तुमच्या यादीत कुणाचं नाव आहे का बघा.”

डीननं यादीकडे बघितलंही. मग स्वतःवरच चिडल्यासारखा म्हणाला, “हे बघा, मला तुमच्याशी भांडायचं नाही. तिकडे गेटावर तुमच्या नणंदबाई सहीच करत नाहीत. त्यांच्यामागे नऊ गाड्या उभ्या. पहिल्या ओळीत त्यांना कुणा मेलेल्या माणसाचं नाव लिहायचंय. मी सांगितलं, छापील यादी आहे, मृत माणसाची नोंद होत नाही. तर म्हणतात जुना मालक दरवर्षी लिहू द्यायचा.”

नोलीनला हे माहीत नव्हतं. चार वर्षं रांगेत पहिली उभी राहून एल्व्हा आधी भावाचं नाव लिहीत आली होती. बाहेर, मर्व्ह ट्रँटर. मंगळवारी परत, मर्व्ह ट्रँटर. आणि म्हाताऱ्या अल्बीनं ते लिहू दिलं होतं, आणि दोघांपैकी कुणी कधी बोललं नव्हतं.

“तो मेलेला माणूस माझा नवरा,” ती म्हणाली. “ही सहल त्यानं काढली.”

डीननं हातातली पाटी खाली केली. तेवढ्यात गेटाच्या बाजूनं आवाज आला, लोखंड लोखंडावर घासल्यासारखा. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा गिअर पडला.

रसेल पायऱ्या उतरला. “बापरे,” तो म्हणाला. “आत्या गाडी मागे घेतेय.”

अरुंद रस्त्यावर नऊ गाड्या तिच्यामागे लागलेल्या होत्या, आणि पहिली मागे यायला लागल्यावर बाकीच्यांना दुसरा मार्गच नव्हता. आधी रांगेतली शेवटची गाडी मागे सरकली, मग तिच्या पुढची, मग तिच्याही पुढची. हॉर्न वाजले, काचा खाली झाल्या, कुणीतरी एल्व्हाला शिवी दिली, कुणीतरी हसलं. निलगिरीच्या झाडांखालून सगळी वरात शेपटाकडून घरी येत होती, आणि एकेक जण आपापल्या जागेशी पोचला की बाजूला वळून इंजिन बंद करत होता. काहींना बहुधा नुसता रस्ता मोकळा करून द्यायचा होता. पण एकदा इंजिन बंद केल्यावर ते पुन्हा सुरू करायला कुणाचा हात गेला नाही. तेरा नंबरवाल्या म्हाताऱ्यानं तर खुर्ची काढून उन्हात मांडली.

एल्व्हाची पांढरी गाडी सगळ्यांच्या शेवटी आली, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. कचऱ्याचा डबा आडवा झाला. पॅशनफ्रूटच्या वेलाचा मांडव थोडा कलला. डीन पाटी छातीशी धरून बाजूला झाला. मागची दोन चाकं नोलीनच्या फुलांच्या वाफ्यात रुतली, इंजिन दोनदा उचकलं आणि बंद पडलं.

एल्व्हानं काच खाली केली. चष्मा तिच्या नाकावर होता, खिशात न सापडलेला तोच. चेहरा घामानं भिजलेला.

“त्याचं नाव यादीत नाही,” ती म्हणाली. “त्याचं नाव नसलेल्या सहलीला मी जात नाही.”

“ये मग आत,” नोलीन म्हणाली. “रसेल, मागे शेकोटी पेटवायला जागा कर.”

एल्व्हानं मागे वळून वाफ्यात रुतलेल्या चाकांकडे बघितलं, मग डीनकडे, मग नोलीनकडे.

“आता ही गाडी इथून हलवणार कोण?”

“कोणी नाही,” नोलीन म्हणाली.